चौदावा प्रश्न

४ फेब्रुवारी

आज कामाला लागले. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त होऊन अकरा महिने झाले आणि या अकरा महिन्यांत मी घरातली सगळी कपाटं तीनदा लावली. धाकटी बहीण म्हणाली, "ताई, आता चौथ्यांदा लावायला घेतलंस तर मीच कपाटात जाऊन बसेन." म्हणून ही नोकरी.

काम असं आहे. गेल्या दोन वर्षांत या रुग्णालयात मणक्याच्या दोनशे चाळीस शस्त्रक्रिया झाल्या. त्या माणसांचं पुढे काय झालं, किती जणांना गुण आला, कुणाला काय गुंतागुंत झाली, याचं संशोधन चालू आहे. सहा महिन्यांनी, वर्षाने आणि दोन वर्षांनी प्रत्येकाला फोन करायचा, वीस प्रश्न विचारायचे, उत्तरं फॉर्मवर लिहायची. गेल्या वर्षी जानेवारीत धाकटीचं ऑपरेशन झालं तेव्हा मी बाहेरच्या रांगेत घुसणाऱ्या दोघांना मागे पाठवलं होतं. ते मोठ्या डॉक्टरांनी पाहिलेलं. परवा म्हणाले, "बाई, आमच्या मुलींना लोक फोनवर टाळतात. तुम्हाला टाळायची कुणाची हिंमत आहे?" स्तुती होती की टोमणा, कळलं नाही. दोन्ही मान्य.

खोली तळमजल्यावर, क्ष-किरण विभागाच्या मागे. दोन टेबलं, दोन फोन, एक कपाट. त्याचं दार पायाने ढकलल्याशिवाय लागत नाही. दुसऱ्या टेबलावर एक मुलगी बसते. तिला सगळे आकडेवाली म्हणतात आणि तीही त्या हाकेला ओ देते. संख्याशास्त्र शिकली आहे. मी म्हटलं, मीही कॉलेजात तोच विषय घेतला होता, तेव्हा सगळी गणितं कागदावर करायचो. "म्हणजे हाताने?" तिने डोळे मोठे केले.

"नाही, पायाने," मी म्हणाले.

मुलगी हसली. जमेल आमचं.

७ फेब्रुवारी

बसचालक, वय एक्कावन्न, ऑपरेशनला सहा महिने. "दुखणं शून्य ते दहापैकी किती?" म्हणाला, "दोन." चालणं? उत्तम. झोप? उत्तम. आवाज खणखणीत. फोन ठेवायच्या आधी त्याच्या बायकोने तो ओढून घेतला. "बाई, हे रोज पलंगाला टेकून गुडघ्यांवर झोपतात. आडवं होता येत नाही. आणि तुम्हाला दोन सांगतात!" मागून तो ओरडत होता, "तुला कुणी विचारलंय?"

त्याच दिवशी उलटंही घडलं. एका सुनेने सासऱ्यांची उत्तरं दिली, सगळी छान छान. मी म्हटलं, त्यांनाच द्या. म्हाताऱ्याने पहिल्याच प्रश्नाला रडायला सुरुवात केली.

आकडेवालीने सांगितलं की आधीचा कारकून सरसकट घरच्यांची उत्तरं घ्यायचा. मी कागदावर ठसठशीत अक्षरात लिहिलं आणि भिंतीवर चिकटवलं: "उत्तर फक्त रुग्णाचं. नातेवाइकाचं चालणार नाही. नातेवाइकाला माहिती देणार नाही." डॉक्टर येऊन वाचून गेले. मान हलवली.

चौदाव्या प्रश्नाला लोक सगळ्यांत जास्त अडखळतात. लघवी-संडासवर ताबा आहे का, बसायच्या जागी बधिरपणा आहे का. "हो, बधिर आहे" किंवा "ताबा नाही" असं उत्तर आलं की फॉर्मला लाल चिठ्ठी लावायची आणि त्याच दिवशी डॉक्टरांच्या हातात द्यायचा. नस दाबली गेली असेल तर वेळेत मोकळी करावी लागते, नाहीतर कायमची जाते, असं त्यांनी समजावलं. मी हा प्रश्न न लाजता, स्पष्ट आवाजात विचारते. मी सरळ विचारलं की लोकही सरळ उत्तर देतात.

१९ फेब्रुवारी

आज यादीत अठ्ठ्याऐंशी क्रमांक आला. म्हणजे आमची धाकटी, ऑपरेशनला एक वर्ष. जेवणाच्या सुट्टीत दोन मिनिटांत भरून टाकला. आता एकाच घरात राहणाऱ्या बाईला फोन काय करायचा? दुखणं एक. तीन महिन्यांत कामावर रुजू. चालते, फिरते, जेवते, झोपते. चौदावा, तक्रार नाही. भिंतीवरचा कागद समोरच होता, पण तो नातेवाइकांसाठी आहे. मी इथे काम करते.

आकडेवाली जेवायला गेली होती. फॉर्म गठ्ठ्यात ठेवला.

९ मार्च

रविवार. धाकटीशी वाद. व्यायामाचा तक्ता मी फ्रिजवर लावला होता, त्याच्या मागे तिने सामानाची यादी लिहिली. बागेपर्यंत चल म्हटलं तर "उद्या". पाणी तर पीतच नाही. दिवसभरात दोन पेले, मी मोजते. डॉक्टरांनी अडीच लिटर सांगितलं आहे. "तहान लागत नाही," म्हणे. तहान लागायची वाट कसली बघायची?

आता नवीनच. ती घड्याळं दुरुस्त करते, गेली तीस वर्षं एकाच दुकानाच्या काउंटरमागे. आता मालकाला सांगून काम घरी आणायला लागली आहे. दुकान लांब पडतं म्हणे. तीस वर्षं नाही लांब पडलं! माणूस घरी बसलं की गंजतं. हे मी तिला घड्याळांच्या भाषेत सांगितलं तेव्हा ती भिंगातून माझ्याकडे बघून म्हणाली, "तू मात्र रोज तेल-पाणी केल्यासारखी चालतेस." हसले. पण मुद्दा सोडला नाही.

आमचं दोघींचंच घर. मी लग्न केलं नाही, तिचं टिकलं नाही. लहानपणापासून तिच्या मागे कुणीतरी लागावं लागतं, तेव्हा ती हलते. ऑपरेशनच्या वेळीही तसंच. पाच महिने "बघू" करत होती. शेवटी मी तारीख घेतली, बॅग भरली आणि कागद पुढे ठेवला, तेव्हा सही केली. आज स्वतःच्या पायावर उभी आहे ती त्यामुळे.

२८ मार्च

फोन न लागणारे एकतीस. आधीच्या कारकुनाने या सगळ्यांपुढे "तक्रार नाही" लिहून ठेवलं होतं. मी हादरलेच. आठ दिवस लागून चौदा जण शोधून काढले, जुने पत्ते, शेजारी, कामाच्या जागा. एक वारले आहेत. दोघी अंथरुणाला खिळलेल्या, फोनपर्यंत उठता येत नाही. एक गवंडी म्हणाला, "दवाखान्याचा नंबर दिसला की मी उचलत नाही, पुन्हा कापतील."

डॉक्टरांना जाऊन सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला, कारण टक्केवारी बिघडते. मी म्हटलं, "डॉक्टर, जो बोलत नाही तो बरा आहे, असं कुणी ठरवलं?" त्यांनी यादी ओढून घेतली. मग म्हणाले, "सगळ्यांचं पुन्हा लिहा." भला माणूस आहे. आकडेवालीने पाठ वळल्यावर टाळ्या वाजवल्या.

आज फार समाधान वाटतंय. शाळेत चौतीस वर्षांत इतकं स्वच्छ काम क्वचितच करायला मिळालं.

१६ एप्रिल

वरच्या मजल्यावरच्या सभागृहात डॉक्टरांचं व्याख्यान झालं, बाहेरगावचे शंभरेक डॉक्टर आले होते. पडद्यावर एक मणका आला, सहा स्क्रू, दोन सळया, अगदी रेषेत. "हा रुग्ण तीन महिन्यांत कामावर, वर्षानंतर कोणतीही तक्रार नाही." कोपऱ्यात क्रमांक होता, अठ्ठ्याऐंशी. माझी मान ताठ झाली.

धाकटीला मागे बसून ऐकायचं आमंत्रण होतं. आली नाही. "तीन तास बसायचं, मध्ये उठता येणार नाही." मी म्हटलं, खुर्चीत बसायचंय, डोंगर चढायचा नाही. "मला नाही जमणार, ताई." पुढे बोलणंच बंद. घरी गेल्यावर पडद्यावरच्या मणक्याचं वर्णन करून सांगितलं. तिने नीट ऐकलं. "छान दिसत होता का?" एवढंच विचारलं.

३ मे

आज जरा जास्तच बोलले बहुतेक.

सकाळी सहाला कपडे धुवायचं यंत्र घरघरायला लागतं, हे रोजचंच झालंय. दोन बायकांचे असे किती कपडे निघतात? "उन्हाळा आहे, घाम येतो." खुर्चीवर घडी घालून टॉवेल, पलंगावर टॉवेल. सगळे कपडे गडद रंगाचे घालते, जशी काही शोकसभेला निघाली आहे. दुपारी स्वयंपाकघरातून बाहेर आली तेव्हा उजव्या पायात चप्पल नव्हती. मी दाखवेपर्यंत तिला पत्ता नव्हता. चप्पल ओट्याखाली पडलेली. "लक्ष कुठे असतं तुझं?" म्हटलं. तिने खाली पायाकडे बघितलं, जणू दुसऱ्या कुणाचा आहे.

संध्याकाळी चहा घेताना म्हणाली, "ताई, तुमच्या त्या फॉर्मात काय काय विचारतात गं?"

"तुला काय करायचंय? तुझा भरून झालाय."

"हो? कधी?"

"फेब्रुवारीत. मीच भरला."

"काय लिहिलंस?"

"सगळं उत्तम. खोटं आहे का काही?"

तिने कप खाली ठेवला. काहीतरी बोलायला गेली तेव्हा मी म्हटलं, "हे बघ, दिवसभर वीस माणसं माझ्या कानाशी रडतात. घरी आल्यावर मला रडगाणं नको." वीस नव्हेत, आठ-दहा. पण दमले होते.

"मग ठीक आहे," म्हणाली आणि कप विसळायला घेऊन गेली.

५ जून

क्रमाने लिहिते.

अकरा वाजता आकडेवाली म्हणाली, "बाई, अठ्ठ्याऐंशीचा फॉर्म आहे, पण वहीत कॉलची नोंद नाही."

"कॉल केलाच नव्हता. माझी बहीण आहे ती."

"म्हणजे घरी विचारलंत?"

"विचारायचं काय त्यात? माझ्या डोळ्यांसमोर असते."

तिने भिंतीकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर मला राग आला असता आणि बरं वाटलं असतं. हळूच म्हणाली, "मग हा बाद धरावा लागेल. मी करू का फोन?"

"कर. खुशाल कर," मी म्हणाले. तिने नंबर घेतला आणि प्लास्टरच्या रिकाम्या खोलीत जाऊन दार लावलं. एका फॉर्मला बारा मिनिटं लागतात. पंधरा झाली. मी दुसरा कॉल लावला, तो उचलला नाही. पंचवीस झाली. मला वाटलं, धाकटी तिला घड्याळांच्या गोष्टी सांगत बसली असणार.

चाळीस मिनिटांनी मुलगी आली. डोळे लाल. माझ्याकडे न बघता तिने खण उघडला आणि लाल चिठ्ठी काढली.

मी फॉर्म मागितला. "नाही बाई."

"अगं, माझी सख्खी बहीण आहे!"

"रुग्णाची माहिती नातेवाइकाला देता येत नाही." तिने खण लोटला. "मी वर जाऊन येते." आणि फॉर्म छातीशी धरून जिना चढून गेली.

कुठल्या प्रश्नाला लाल चिठ्ठी लागते हे मला माहीत आहे. दुसऱ्या कुठल्याच प्रश्नाला लागत नाही.

पर्स घेतली आणि निघाले. घरी पोचले तेव्हा धाकटी कपाटापुढे उभी राहून बॅग भरत होती. डॉक्टरांचा फोन येऊन गेला होता. बॅगेत एकावर एक नुसते टॉवेल. मी म्हटलं, "कधीपासून?"

"डिसेंबरपासून. आधी नुसतं बधिर व्हायचं. मग कळेनासं झालं, कधी होते ते."

डिसेंबर. फॉर्म फेब्रुवारीत भरला.

"मला का नाही सांगितलंस?"

तिने बॅगेची चेन लावली. अडकली, पुन्हा लावली. "तू दिवसभर तेच ऐकून येतेस. म्हटलं, घरी एक तरी माणूस बरं असू दे." मग म्हणाली, "आणि तुझ्या डॉक्टरांनी मला पडद्यावर लावलं होतं ना."

"त्या मुलीला सांगितलंस. परक्या मुलीला."

"तिने विचारलं," धाकटी म्हणाली.

६ जून

एम.आर.आय. झाला. वरचे दोन स्क्रू सैल झालेत आणि त्यांच्या वरची चकती मागे सरकून नसांचा अख्खा जुडगा दाबला गेला आहे. डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरून समजावलं. पुन्हा उघडावं लागेल. धोका पहिल्यापेक्षा जास्त.

"फेब्रुवारीत कळलं असतं तर..." म्हणाले आणि थांबले. फॉर्मवरचं अक्षर त्यांनी ओळखलेलं दिसलं. माझं अक्षर सुवाच्य आहे.

मी धाकटीकडे वळले आणि सवयीने म्हणाले, "उद्याच करून घेऊ."

"ताई," ती म्हणाली, "मला विचारू दे."

तिने डॉक्टरांना अर्धा तास प्रश्न विचारले. लघवीचा ताबा परत येईल का. नाही आला तर काय. पाय किती सुधारेल. घड्याळाचं बारीक काम करता येईल का. तिच्या डोक्यात इतके प्रश्न असतील असं मला कधी वाटलंच नव्हतं. शेवटी म्हणाली, "करा." कागद स्वतः ओढून घेतला, पेन स्वतः मागितलं.

९ जून

ऑपरेशन साडेपाच तास. मी बाकावर बसले होते. आकडेवाली दुपारी चहा घेऊन आली, शेजारी बसली. जाताना म्हणाली, "बाई, काहीतरी खा." मी म्हटलं, "तो फॉर्म भरताना मी सफरचंद खात होते." तिने रिकामे कप उचलले.

२४ जून

पायात जीव येतोय. अंगठा हलतो. दुखणं गेलं. डॉक्टर खूश आहेत, पण ती एक गोष्ट सोडून बाकी सगळ्याबद्दल बोलतात.

लघवीची नळी काढून बघितली, दोनदा. नाही झालं. पुन्हा घातली.

८ जुलै

आज परिचारिका तिला शिकवायला आली. दिवसातून चार वेळा, स्वतःच्या हाताने नळी घालून लघवी काढायची. कायम. डॉक्टर "सध्या तरी" म्हणाले. परिचारिकेने तो शब्द वापरला नाही.

मी पलंगाशेजारी उभी होते, सूचना लिहून घ्यायला वही काढली होती. धाकटी म्हणाली, "ताई, तू बाहेर थांब."

"अगं, मला शिकून घेतलं पाहिजे. घरी कोण करणार?"

"मी करणार."

परिचारिकेने पडदा ओढला. पडद्याच्या खालच्या फटीतून तिची पावलं दिसत होती, उजवं जरा वाकडं. आतून परिचारिका म्हणाली, "वा! हात काय स्थिर आहे तुमचा. माझ्या नव्या मुलींचे हात थरथरतात."

"मी घड्याळं दुरुस्त करते," धाकटी म्हणाली. "याहून लहान छिद्रं असतात."

दोघी हसल्या. मी वही मिटली.

२ सप्टेंबर

कामावर परत. डॉक्टरांच्या खोलीत गेले. म्हटलं, शोधनिबंधात अठ्ठ्याऐंशी क्रमांकाबद्दल स्पष्ट लिहा. वर्षाचा फॉर्म नातेवाईक असलेल्या कर्मचारी बाईने रुग्णाला न विचारता भरला, त्यामुळे गुंतागुंत चार महिने उशिरा कळली.

ते म्हणाले, "बाई, फॉर्म बाद केलाय. गुंतागुंतीचा आकडा अकराचा बारा केलाय. पुरे आहे. कशाला स्वतःला सुळावर चढवता?"

"मी स्वतःबद्दल बोलत नाही. वाचणाऱ्याला कळलं पाहिजे की असंही होतं."

"आणि स्क्रू माझे सैल झाले, ते?" ते एकदम म्हणाले. "व्याख्यानाआधी तिची नवी फिल्म काढली असती तर मला दिसलं असतं. मी ऑपरेशननंतरची जुनीच दाखवली. ती सुंदर होती."

मग त्यांनी कागद पुढे केला. "तुम्हीच लिहा. तुमची भाषा चांगली आहे." तीन ओळी लिहिल्या. शाळेत असताना इतक्या मुलांकडून चुकीची कबुली लिहून घेतली. तीन ओळींना किती वेळ लागतो, ते आज कळलं.

राजीनामाही पर्समध्ये होता. आकडेवालीने तो वाचून माझ्या हातात परत दिला. "उरलेल्या एकोणनव्वद जणांना फोन कोण करणार? मी? मला तर लोक टाळतात." ठेवून घेतला. काम करते आहे. फोनवर आता मध्ये बोलत नाही. कॉल पंचवीस मिनिटं चालतो. आकडेवाली तक्रार करत नाही.

१४ नोव्हेंबर

धाकटी आठवड्यातून दोन दिवस दुकानात जायला लागली. मालकाने मागच्या बाजूचं न्हाणीघर दुरुस्त करून आतून कडी बसवून दिली. हे तिने मागितलं होतं. मला नंतर कळलं.

मी विचारलं, "पाणी पितेस ना?" विचारल्यावर जीभ चावली. ती म्हणाली, "पिते. मोजू नकोस."

जेवताना बोलते, दुकानातल्या गमतीजमती सांगते. कुणी आजोबांचं घड्याळ आणतं, आत मुंगी निघते. पण शरीराचा विषय आला की दार लावून घेते, तसं तोंड लावून घेते. हक्क आहे. मी तिच्या खोलीच्या दारावर टकटक करायला शिकले. पंचावन्न वर्षांत कधी केली नव्हती.

२१ जानेवारी

आज दोन वर्षं झाली. फॉर्मचा दिवस. मला तिच्या फॉर्मला हात लावायची मनाई आहे, ती मीच मागून घेतली. आकडेवालीने अकराची वेळ दिली होती. मी रजा घेतली होती. बरोबर अकराला फोन वाजला. मी स्वयंपाकघरात भाजी चिरत होते.

धाकटी म्हणाली, "ताई, तू जरा बाहेर जा."

"मी आतच आहे की. दार लावून घेते."

"नाही. बाहेर."

चपला घातल्या आणि जिन्यात जाऊन उभी राहिले. हातात सुरी तशीच होती. ती भिंतीच्या कडेला ठेवली. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई खाली जाताना म्हणाल्या, "किल्ली विसरलात वाटतं?" मी म्हटलं, "नाही, आत बोलणं चाललंय." त्यांनी सुरीकडे बघितलं आणि घाईने उतरल्या.

वीसही प्रश्न मला तोंडपाठ आहेत. दाराआडून शब्द कळत नव्हते, फक्त आवाज. कुठे थांबली, कुठे लांब बोलली, त्यावरून मी प्रश्न मोजत होते. चौदाव्याला ती थांबली नाही. सरळ बोलली, जसं हवामान सांगावं तसं. एकदा हसलीसुद्धा. विसाव्याला मात्र आत शांतता झाली, खूप वेळ. मग दोनच वाक्यं, आणि फोन ठेवल्याचा आवाज.

विसावा प्रश्न असा आहे: सगळं माहीत असताना पुन्हा वेळ आली, तर ऑपरेशनचा हाच निर्णय घ्याल का? हो, नाही, सांगता येत नाही.

दार उघडलं. ती काठी टेकत उंबऱ्यापर्यंत आली. मी भिंतीकडेची सुरी उचलली.

"शेवटच्याला मी उत्तर दिलं नाही," तीच म्हणाली. "तिला म्हटलं, ते रिकामं सोड."

"तीन पर्याय असतात त्यात."

"वाचून दाखवले तिने." तिने काठी या हातातून त्या हातात घेतली. "दुसऱ्या वेळचं विचारलं असतं तर सांगितलं असतं. पण ती पहिल्या ऑपरेशनचं विचारत होती, आणि तो निर्णय मी घेतलाच नव्हता, ताई. मग पुन्हा घेशील का, याला मी काय सांगू?"

रागाने म्हणाली नाही. एखाद्या घड्याळात काय बिघडलंय ते गिऱ्हाइकाला सांगावं, तसं म्हणाली.

मला खूप काही बोलायचं होतं. पाच महिने तू "बघू" म्हणत होतीस, चालता येत नव्हतं, रडत होतीस, कुणीतरी काहीतरी करायला हवं होतं. सगळं खरं आहे.

"चालतं," मी म्हणाले. "रिकामं ठेवलेलं चालतं."

ती आत गेली. मी थोडा वेळ जिन्यातच थांबले.